बॅटरी धर

"मी काही करत नाही हो, सगळं मुलंच करतात," असं काका मला म्हणाले तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत रोबोच्या पोटात होता.

जानेवारीतली रात्र. डेट्रॉईटच्या एका उपनगरातल्या हायस्कूलचं वर्कशॉप. बाहेर उणे बारा. आत चाळीस मुलं, पिझ्झ्याचे रिकामे खोके आणि काका. मी कन्येला घ्यायला आलो होतो. साडेआठला सुटतो म्हणाली होती आणि नऊ वाजून गेले होते. काकांनी मान न वळवता डावा हात माझ्याकडे पसरला. "आलात? बरं झालं. तेवढी चारची ॲलन की द्या. अंहं, ही पाचची." किल्ली त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. तळहाताला लागताक्षणी त्यांना ती पाचची असल्याचं कळलं होतं. मी चारची शोधून दिली आणि त्या क्षणापासून, माझ्या नकळत, संघाचा स्वयंसेवक झालो. पुढचे दोन महिने मी त्या वर्कशॉपमध्ये पावभाजीची पातेली वाहत होतो आणि काकांना बघत होतो.

अशा माणसाला इकडे 'मेंटर' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? गुरू म्हटलं तर पायांवर डोकं ठेवावं लागतं, आणि काकांचे पाय बहुधा टेबलाखालून बाहेर आलेले असतात. 'मार्गदर्शक' म्हटलं की आमच्या पिढीला दहावीचं गाइड आठवतं: वर प्रश्न आणि लगेच खाली उत्तर. विचार केल्यावर मला वाटलं, हाच शब्द बरोबर आहे. काका मुलांना नेहमी प्रश्नच विचारतात. "हा पट्टा सैल का पडतो? विचार करा. मी सांगणार नाही." मी एकदा घड्याळ लावलं होतं. चार सेकंद. पाचव्या सेकंदाला काका फळ्यापाशी होते.

'काका' हे त्यांचं नाव नव्हे, पण आता तेच आहे. आमची कन्या त्यांना लहानपणापासून काका म्हणते. तिचं ऐकून संघातली देशी मुलं म्हणू लागली, त्यांचं ऐकून गोरी, काळी, चिनी, लेबनीज सगळीच. शाळेत शिरताना गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रावर एकदा 'मिस्टर काका' असंच छापून आलं आणि काकूंची 'मिसेस काका' झाली. आजीआजोबा मेक्सिकोचे असलेला एक मुलगा पहिल्या दिवशी हसत हसत बाकाखाली गेला होता. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ तान्ही मुलं लंगोटात जे करतात तो. काकांना कुणीतरी हे सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. मोटारीच्या धंद्यात तीस वर्षं काढली, याहून वाईट ऐकून घेतलंय."

कन्येबद्दल एक सांगून ठेवतो. ती संघाची कॅप्टन. तिचं मराठी घरापुरतं आहे आणि त्यात अहोजाहो नाही. तिच्या मते जगात फक्त 'तू' असतो. आजी तू, सत्यनारायणाला आलेले गुरुजी तू आणि काकाही तू. "काका, तू परत हात लावलास?" हे वाक्य मी त्या हिवाळ्यात किती वेळा ऐकलं याची गणती नाही.

ज्या स्पर्धेसाठी हे सगळं चाललं होतं ती भरवणारी संस्था 'फर्स्ट'. पुढे सेगवे नावाची दुचाकी काढणाऱ्या डीन केमन यांनी ती १९८९ साली स्थापन केली. १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या जिममध्ये २८ संघ जमले, ती पहिली स्पर्धा. आज सर्वांत जास्त संघ आहेत ते मिशिगनमध्ये, आणि त्यात नवल नाही. डेट्रॉईटच्या आसपास गल्लीत उभं राहून हाक मारली तर तीन मेकॅनिकल इंजिनिअर ओ देतात आणि त्यातला एक तरी मराठी निघतो.

दर जानेवारीत एका शनिवारी जगभरच्या संघांना त्या वर्षीचा खेळ एकाच वेळी कळतो. २०२५ साली ती तारीख ४ जानेवारी होती. विषय समुद्र. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पडद्यावर निळं पाणी, मासे, प्रवाळ. मग ते प्रवाळ प्रत्यक्ष हातात आलं तेव्हा मी ओळखलं: चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा. म्हणजे आपल्याकडे मोरीचं पाणी ज्यातून खाली जातं तो. रोबोने हा पाइप उचलायचा आणि मैदानातल्या षटकोनी मांडवावर वेगवेगळ्या उंचीवर अडकवायचा, सगळ्यांत वरचा सहा फुटांवर. दोन बाजू, प्रत्येकी तीन रोबो, अडीच मिनिटं. पहिली १५ सेकंदं रोबोने स्वतःच्या अकलेने चालायचं, नियंत्रणाला कुणी हात लावायचा नाही. काकांना हा नियम क्रूर वाटतो.

शेवटी जमलं तर टांगलेल्या पिंजऱ्याला धरून रोबोने लोंबकळायचं. खालच्या पिंजऱ्याला धरलं तर १२ गुण.

त्या बारा गुणांनी काकांना झपाटलं. मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला: लटकायला लागणारा वेळ, यंत्रणेचं वजन, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांत वर तीन पाइप लावले तर पाचापाचाचे पंधरा. म्हणजे लटकू नये. इतका स्वच्छ हिशेब मी आमच्या ऑफिसच्या बैठकीत पाहिलेला नाही. मतदान झालं. लटकण्याच्या विरोधात सगळी मुलं, बाजूने काका, आणि काकांना मत नव्हतं.

"बरोबर आहे," काका म्हणाले, "मुलांचा निर्णय म्हणजे निर्णय." आणि घरी जाऊन रात्री अडीचपर्यंत लटकण्याच्या यंत्रणेचं ड्रॉइंग काढलं. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "सहज."

काकू फोनवर हे सगळं आमच्या हिला सांगत होत्या आणि ही मला. त्यावरून मला एवढं कळलं की काकांच्या घरात बिघडलेली वस्तू टिकत नाही, पण चांगली वस्तूही टिकत नाही. मिक्सरचा आवाज बदलला की ते जेवण सोडून उठतात. आमच्या मंडळाच्या गणपतीत दर वर्षी जो मूषक मान हलवतो तो काकांचा. त्याच्या पोटात भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर आहे. एका वर्षी काकांनी ऐन आरतीच्या आधी तिचा वेग 'जरासा' वाढवला. आरतीभर मूषक 'नाही, नाही, नाही' करत राहिला.

हे कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. बर्फात गाडी रुतली होती आणि आम्ही टोइंगवाल्याची वाट बघत बसलो होतो, म्हणून. नाहीतर काका स्वतःबद्दल बोलत नाहीत, यंत्राबद्दल बोलतात. पुण्यात नारायण पेठेतला वाडा. वडील सरकारी कचेरीत कारकून, पण घरातलं सगळं स्वतः उघडणारे: रॉकेलचा स्टोव्ह, व्हॉल्व्हचा रेडिओ, नंतर चेतक. काकांना कशालाही हात लावायची परवानगी नव्हती. त्यांचं काम एकच, बॅटरी धरायची. दोन सेलची, पत्र्याची, पुढच्या काचेला तडा गेलेली. "बॅटरी धर! नीट धर! मी इथे काम करतोय, तू आढ्याला उजेड काय दाखवतोस?" सहाव्या वर्षापासून इंजिनिअरिंगला जाईपर्यंत काकांनी बॅटरी धरली. पाना एकदाही हातात आला नाही. वडील आजारी पडले तेव्हा चेतकचा कार्बोरेटर त्यांनी पहिल्यांदा एकट्याने उघडला. अंधार पडला होता आणि बॅटरी धरायला कुणी नव्हतं. ती त्यांनी दातांत धरली.

"जमला?" मी विचारलं.

"एक स्प्रिंग उरली," काका म्हणाले. "अजून माझ्याकडे आहे."

तर अशा माणसाला चाळीस मुलं, आठ मोटरी आणि भरलेलं वर्कशॉप देऊन तुम्ही सांगणार की हात लावू नका.

सांगणारा एक होता. संघाचा दुसरा मेंटर, पंचाहत्तरीचा गोरा म्हातारा. आयुष्यभर कारखान्यात डाय बनवल्या, उजव्या हाताचं एक बोट तिथेच राहिलं. मुलांना सुरक्षिततेवर त्याने कधी व्याख्यान दिलं नाही, नुसता हात वर करायचा. तो कोपऱ्यात स्टुलावर कॉफी घेऊन बसे. मूल एखादा भाग घेऊन आलं की तो उलटासुलटा करून बघे, "हं" म्हणे आणि परत देई. मूल जाऊन तो पुन्हा करून आणी. दुसऱ्यांदाही "हं", पण वेगळा. मला फरक कळत नसे, मुलांना कळे. काका त्याच्याकडे, तानांची बरसात करणाऱ्या गवयाने नुसता षड्ज लावून बसलेल्याकडे बघावं तसे बघत. त्याने काकांना एकच सल्ला दिला होता: हात खिशात ठेव.

काकांनी तो मनापासून पाळायचा प्रयत्न केला. हात खिशात गेले की त्यांचे खांदे बोलू लागत. मग हनुवटी. मग "हात न लावता" एखादा बोल्ट कुठल्या दिशेने फिरवायचा हे दाखवताना सबंध काकाच घड्याळाच्या दिशेने फिरत. आणि अर्ध्या मिनिटाने, "थांब, एकदाच दाखवतो."

'एकदाच दाखवतो' आणि 'पाच मिनिटांचं काम आहे' या दोन वाक्यांवर शेवटी मुलांनी कर बसवला. एक काचेची बरणी ठेवली. काकांनी रोबोला हात लावला की एक डॉलर. न मागता सल्ला दिला तर पाव. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या बरणीतून चाळीस जणांचा पिझ्झा आला. काकांनी स्वतःच पैसे मोजले आणि खुश होऊन म्हणाले, "बघा, मुलं पैसे उभे करायला शिकली!"

वजनाचा दिवस मात्र वाईट गेला. बंपर आणि बॅटरी सोडून रोबो ११५ पौंडांच्या आत हवा. आमचा ११८ भरला. दोन संध्याकाळी मुलांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना भोकं पाडली. इतकी, की त्यांना अनारशाची जाळी आली. पुन्हा ठेवला: ११७ पूर्णांक दोन. नववीतली एक मुलगी, जी महिनाभर कुणाशी बोललेली नव्हती, रोबोखाली आडवी होऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही प्लेट ड्रॉइंगमध्ये नाहीये." वर्कशॉप गप्प झालं. काका ट्यूबलाइट बघू लागले.

"पुढेमागे लटकायचं ठरलंच," ते शेवटी म्हणाले, "तर धरायला काहीतरी असावं म्हणून..."

प्लेट निघाली. सव्वातीन पौंड. भोकं न पाडताही भागलं असतं. कन्येने काही न बोलता बरणी पुढे केली. काकांनी पाचाची नोट टाकली आणि सुटे मागितले नाहीत.

याच सुमाराला मुलांनी मेंटरच्या पुरस्कारासाठी निबंध लिहायला घेतला. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांच्या नावाचा हा पुरस्कार १९९६ पासून आहे, आणि त्याची गंमत म्हणजे नाव सुचवायचं ते मुलांनी. काकांना पत्ता लागला की निबंध चालू आहे. त्या आठवड्यात ते दाढी करून येत होते. निबंध निघाला स्टुलावरच्या म्हाताऱ्यावर. मुलांनी तो व्याकरण तपासायला काकांकडेच दिला, कारण काकांना स्वल्पविराम कळतात. काकांनी तो घरी नेला, दुसऱ्या दिवशी परत आणला. स्वल्पविराम सुधारले होते, आणि शेवटच्या परिच्छेदात पेन्सिलीने एक ओळ वाढवली होती: हा माणूस 'हं' म्हणतो त्याचे सात अर्थ आहेत, ते लिहा. मी मुलगा असतो तर पुरस्कार तिथेच काकांना दिला असता. पण मुलांनी त्या ओळीबद्दल पाव डॉलर लावला.

बंपर काकूंनी शिवले. रोबोच्या चारी बाजूंना लाकडी फळी, तिच्यावर फोमच्या नळ्या आणि वरून कापडाची खोळ. एक लाल, एक निळी, कुठल्या बाजूने खेळायचं त्याप्रमाणे. कोपऱ्यांवर कापडाला चुण्या पडतात, तिथे भलेभले संघ रडतात. काकूंनी टेप लावला, "ही तर बाहीची बगल आहे," म्हणाल्या आणि दोन दुपारीत खोळी शिवून दिल्या. स्पर्धेच्या तपासणीत पहिल्या फटक्यात पास झालेली आमची एवढी एकच वस्तू. काकूंना मेंटर कुणी म्हणालं नाही. त्यांनी बरणीतही कधी काही टाकलं नाही.

मार्चमध्ये स्पर्धा. दुसऱ्या गावच्या शाळेचं जिम, कानठळ्या बसवणारं संगीत, डोक्यावर केळ्याच्या टोप्या घातलेला एक सबंध संघ, आणि प्रत्येकाला दहा बाय दहा फुटांचा 'पिट', म्हणजे जत्रेतल्या ठेल्याएवढी जागा. सगळ्यांना संरक्षक चष्मे. काकांनी तो आपल्या चष्म्यावर घातला होता आणि वर कपाळावर वाचायचा तिसरा.

परीक्षक पिटमध्ये येतात तेव्हा ते मुलांशीच बोलतात, आणि मोठ्यांनी शहाण्यासारखं बाजूला व्हायचं असतं. काका बाजूला झाले, म्हणजे बॅटऱ्यांच्या गाड्याआड गेले. परीक्षकाने विचारलं, हा उचलणारा जिना कुणी बनवला? आमच्या त्या न बोलणाऱ्या नववीतल्या मुलीने समजावून सांगायला सुरुवात केली. दोरी का, साखळी का नाही, पहिला प्रयोग कसा फसला. ती एका ठिकाणी अडली. गाड्याआडून खोकला आला. ती थांबली, गाड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आमच्या एका मेंटरचं मत वेगळं होतं. आम्ही दोन्ही करून बघितलं. त्यांचं चुकलं होतं." खोकला बंद झाला.

रोबो वडिलांनी बनवलाय अशी कुजबुज या स्पर्धांत कुठल्या ना कुठल्या संघाबद्दल असतेच. आमच्या शेजारच्या पिटमधला एक बाप काकांच्या ग्रीस लागलेल्या नखांकडे बघून तसं काही बोललाही. काकांनी पहिल्यांदा आपणहून हात खिशात घातले आणि ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दिवसभरात आम्ही काही जिंकलो, काही हरलो. बाद फेरीसाठी वरचे आठ संघ आपापले दोन जोडीदार निवडतात. आम्हाला सातव्याने निवडलं, तेही शेवटाकडे. मुलांनी विश्वचषक मिळाल्यासारखा आरडाओरडा केला. बाद फेरीत पहिला सामना हरलो. दोनदा हरलं की घरी. आणि दुसऱ्याच्या आधी, गाड्यावरून आणताना, जिना अर्ध्यावर अडकला. वर जाईना, खाली येईना.

पुढच्या सामन्याला नऊ मिनिटं होती. रोबो लाकडी ठोकळ्यांवर चढवला गेला. कन्या जमिनीवर उताणी पडून त्याच्याखाली शिरली, नुसते बूट बाहेर. सातआठ मुलं भोवती. एक लॅपटॉप घेऊन ओरडत होता की वरच्या स्विचचा काही पत्ताच लागत नाही. म्हातारा आपलं स्टूल इथेही घेऊन आला होता. काका पिटच्या दोरीशी उभे होते. त्यांना कारण कळलं होतं, हे त्यांच्या तोंडाकडे बघून मलाही कळलं; उडीच्या आधी मांजर करतं तसे त्यांचे खांदे होत होते. हात खिशात. बरणी टेबलावर. सात मिनिटं. काका काही बोलले नाहीत. मी त्यांना इतका वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाची दया आली.

आतून खडखड झाली. वाट अडवणारी बॅटरी कन्येने सोडवली होती. सहा किलोंचं ते धूड तिने एका हाताने कसंबसं फटीतून बाहेर सारलं. हात थरथरत होता. आणि ती ओरडली,

"काका, बॅटरी धर!"

पन्नास वर्षांची सवय. काका गुडघ्यांवर बसले, खिशातून फोन बाहेर आला आणि त्याचा दिवा लागला.

"अरे ही! ही बॅटरी!" कन्या किंचाळली. मग एकदम, "थांब, थांब. तो लाइट राहू दे. तो पण राहू दे. मला दिसली वायर."

काकांनी बॅटरी डाव्या हाताने पोटाशी कवटाळली. उजव्या हातात फोन. आता दोन्ही हात गुंतले होते आणि दोन्ही हातांना काम मुलीने दिलेलं होतं, म्हणजे डॉलर लागू नाही. स्टुलावरून "हं" ऐकू आलं. त्या सातांपैकी कुठला, ते मला सांगता येणार नाही.

"काका, तिकडे काय दाखवतोयस! मी बघत्ये तिथे. नीट धर!"

"हो बाबा," काका म्हणाले, आणि नीट धरली.